संस्थापक संताचे चरित्र कसे सांगावे : संत इग्नेशियस लोयोला यांच्या सणाची तयारी

31 जुलै हा येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. त्याच्या आगेमागे एखाद्या रविवारी, मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) संपल्यावर, धर्मग्रामातील म्हणजे त्या चर्चच्या भाविकांपैकी कोणाला तरी त्यांचे चरित्र सांगावे लागते. हे काम बहुधा धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेकडे किंवा तरुण मंडळातल्या एखाद्या होतकरू मुलाकडे येते, आणि हाताशी जेमतेम पंधरा दिवस असतात. सोलापुरात हे काम आणखी थोडे अवघड होते, कारण समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी उर्दू बोलली जाते आणि मराठी ही सर्वांना जोडणारी भाषा असते. शिवाय अशा कार्यक्रमाला शेजारपाजारची बिगरख्रिस्ती माणसेही आवर्जून येतात. त्या सर्वांना कळेल, आवडेल आणि खरे असेल असे चरित्र पाऊण तासात कसे सांगावे, हे मी अनेक वर्षे केलेल्या तयारीवरून येथे मांडत आहे.

पहिल्या वर्षी मी, लढाईत त्यांना लागलेल्या तोफगोळ्याची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की वेळ संपत आली तरी चरित्रनायक खाटेवरच होते, आणि शेवटच्या पाच मिनिटांत मी येशूसंघाची स्थापना, मान्यता आणि मृत्यू उरकून टाकला. कार्यक्रमानंतर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, पाय मोडला म्हणून ते संत झाले हे कळले, पण मग त्यांनी संघ कशासाठी काढला?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्या संपूर्ण कथनात त्याचे उत्तर कोठेही नव्हते. तेव्हापासून मी तयारीची सुरुवात त्याच प्रश्नापासून करते. संस्थापक संताचे चरित्र इतर संतांच्या चरित्रांहून वेगळे असते, कारण त्यात एका माणसाच्या मनात घडलेली गोष्ट इतरांना जगता येईल अशा नियमापर्यंत कशी पोहोचली, हे दाखवावे लागते. कोणता प्रसंग ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे या कसोटीवर ठरवावे.

आधी वेळेची वाटणी

कागदावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर मोजकी वर्षे लिहावीत. 1491 हे जन्मवर्ष मानले जाते. 20 मे 1521 रोजी स्पेनमधील पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर, फ्रेंचांशी लढताना, त्यांना तोफगोळा लागला. 27 सप्टेंबर 1540 रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. 31 जुलै 1556 रोजी रोम येथे त्यांचा मृत्यू झाला. या रेघेकडे पाहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते, ती श्रोत्यांनाही दाखवावी : तोफगोळा आणि मान्यता यांच्यामध्ये तब्बल एकोणीस वर्षे आहेत. बहुतेक वक्ते ही एकोणीस वर्षे एका वाक्यात ओलांडतात, आणि माझ्या मते सारे चरित्र त्याच वर्षांत आहे.

पंचेचाळीस मिनिटे मिळणार असतील, तर जन्मापासून पाम्प्लोनापर्यंत पाच मिनिटे पुरेत. लोयोलाच्या वाड्यातील आजारपणाला बारा, मानरेसा गावातील वास्तव्याला आठ, यरुशलेमला चार, शिक्षणाच्या वर्षांना सहा आणि सोबती, संघ व रोम यांना मिळून दहा मिनिटे द्यावीत. बालपणात रेंगाळू नये. बास्क प्रदेशातील आस्पेइतिया गावाजवळ लोयोला घराण्यात तेरा भावंडांतील धाकटा मुलगा जन्मला, त्याचे मूळ नाव इनिगो, पुढे राजदरबारी माणसाच्या घरी राहून तो तलवार, नृत्य आणि दरबारी रीतिभाती शिकला, एवढे पुरे आहे.

आधार कोणता घ्यावा

आपल्या सुदैवाने या संताने आपली हकीकत स्वतः सांगून ठेवली आहे. 1553 ते 1555 या काळात, सोबत्यांच्या आग्रहावरून, त्यांनी ती लुईस गोन्साल्व्हेस द कामारा या पोर्तुगीज येशूसंघीयाला थोडी थोडी करून सांगितली. त्या हकीकतीत ते स्वतःविषयी "मी" असे म्हणत नाहीत, स्वतःला "यात्रेकरू" म्हणतात. बालपणाविषयी त्यांनी जवळपास काहीच सांगितलेले नाही आणि रोममधील कारभाराची वर्षे येण्याआधीच हकीकत थांबते. तेव्हा त्यांनी स्वतः सांगितलेले काय आणि नंतरच्या लोकांनी जोडलेले काय, हे वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहून ठेवावे. श्रोत्यांपैकी कोणी "हे कशावरून?" असे विचारले, तर आपल्याला ठामपणे सांगता येते.

"यात्रेकरू" या शब्दावर थोडे थांबावे. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, शेगावची पालखी दरवर्षी सोलापूर शहरातून जाते, त्यामुळे पायी चालणारा भक्त म्हटल्यावर येथील प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एक स्पष्ट चित्र उभे राहते. त्या चित्राचा उपयोग अवश्य करावा, परंतु इग्नेशियस यांना सरळ "वारकरी" म्हणण्याचा मोह टाळावा. वारकरी दरवर्षी जातो, दिंडीत माणसांसोबत चालतो आणि परत येऊन प्रपंच करतो. इग्नेशियस एकटे निघाले, एकदाच पोहोचले, तेथून परत पाठवले गेले आणि मग आपण कोठे जायचे हेच त्यांना कळेना. हा फरक सांगितला, तर दोन्ही परंपरांचा मान राहतो आणि पुढची गोष्टही सोपी होते.

लोयोलाचा पलंग

हा भाग सावकाश सांगावा. तोफगोळ्याने उजवा पाय मोडला आणि डावा जखमी झाला. जिंकलेल्या फ्रेंचांनी त्यांच्याशी सौजन्याने वागून काही दिवसांनी त्यांना डोलीतून घरी पाठवले. घरी आल्यावर हाडे चुकीची बसल्याचे वैद्यांच्या लक्षात आले आणि पाय पुन्हा मोडून बसवावा लागला. भुलीचे औषध नव्हते. त्यांनी फक्त मुठी घट्ट आवळून धरल्या. नंतर प्रकृती इतकी बिघडली, की संत पीटर आणि संत पॉल यांच्या सणाच्या आदल्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत उतार पडला नाही तर आशा सोडावी, असे वैद्यांनी सांगितले. उतार पडला.

यानंतरचा प्रसंग अनेक जण गाळतात. तो मुळीच गाळू नये. गुडघ्याखाली एक हाड दुसऱ्यावर चढून पुढे आले होते आणि पायही आखूड झाला होता. घट्ट, झोकदार बूट घालता येणार नाहीत, या एकाच कारणासाठी त्यांनी ते हाड कापून काढायला लावले. आपल्याला हे सोसवले नसते, असे थोरला भाऊ म्हणाला, त्यांनी सोसले. पुढे पाय लांब व्हावा म्हणून तो कित्येक दिवस यंत्राने ताणून ठेवला, तरी लंगडेपण जन्मभर राहिलेच. ही देवासाठी केलेली तपश्चर्या नव्हती, दिसण्याची हौस होती, आणि ती लपवण्याचे काही कारण नाही. तरुण श्रोते नेमके येथे कान देऊन ऐकू लागतात.

पडून पडून कंटाळा आला, तेव्हा त्यांनी शूरवीरांच्या प्रेमकथांची पुस्तके मागितली. घरात तसे एकही पुस्तक नव्हते. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या चरित्रांचा संग्रह, म्हणून तेच वाचले. मध्येच पुस्तक मिटून ते विचारात गढून जात. कधी एका थोर घराण्यातील स्त्रीची सेवा कशी करावी, तिच्यापुढे काय बोलावे, याची स्वप्ने तीन-तीन, चार-चार तास चालत. तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी जे केले ते मीही का करू नये, असे मनात येई. दोन्ही विचार येताना गोडच वाटत. फरक नंतर जाणवे. पहिल्या विचारांनंतर मन कोरडे आणि असमाधानी होई, दुसऱ्या विचारांनंतर ते प्रसन्न राही. हा फरक एके दिवशी त्यांच्या ध्यानात आला आणि ते स्वतःशीच चकित झाले.

संपूर्ण चरित्राची किल्ली या जागी आहे, म्हणून येथे उपमा जपून निवडावी. सोलापुरात मला नेहमी कापडाची उपमा उपयोगी पडली आहे. मागावरून उतरलेल्या दोन चादरी सारख्याच उठावदार दिसतात. रंग पक्का कोणाचा आणि कच्चा कोणाचा, हे पहिल्या धुण्यात कळते. मनात आलेल्या विचारांचेही इग्नेशियस यांनी असेच पाहिले : विचार आला तेव्हा कसा वाटला यापेक्षा, तो निघून गेल्यावर मागे काय राहिले. यंत्रमागावर काम केलेल्या घरांतील श्रोत्यांना याहून अधिक काही समजावून सांगावे लागत नाही. "विवेक", "आत्म्यांची पारख" हे शब्द त्यानंतर उच्चारावेत; आधी उच्चारले तर ते नुसतेच वजनदार वाटतात.

मुले बसलेली असतील, तर एक छोटीशी गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवावी. बरे होत असताना इग्नेशियस यांनी वाचलेल्यापैकी महत्त्वाचे उतारे एका वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले. ख्रिस्ताचे शब्द तांबड्या शाईने आणि त्याची आई पवित्र मारिया हिचे निळ्या शाईने. जवळजवळ तीनशे पाने भरली. आपण एका जाड कागदावर शुभवर्तमानातील एक ओळ तांबड्या शाईने आणि मारियेच्या स्तोत्रातील एक ओळ निळ्या शाईने, बोरूने किंवा साध्या टाकाने, सर्वांसमोर हळूहळू लिहावी आणि तेवढा वेळ काहीही बोलू नये. लिहिण्याला किती वेळ लागतो हे पाहिल्यावर तीनशे पाने म्हणजे काय, हे मुलांना न सांगता कळते.

खेचराची गोष्ट

लोयोलाहून मॉन्सेरातच्या मठाकडे जाताना वाटेत त्यांना एक मूर मुसलमान भेटला. पवित्र मारियेच्या कौमार्याविषयी दोघांत वाद झाला आणि तो मनुष्य पुढे निघून गेला. त्याच्यामागे जाऊन त्याला खंजीर मारावा, म्हणजे मारियेचा मान राखला जाईल, असे इग्नेशियस यांना वाटू लागले. निर्णय होईना, म्हणून त्यांनी आपल्या खेचराचे लगाम सैल सोडले; खेचर गावाच्या रस्त्याने गेले तर मारायचे, राजमार्गाने गेले तर सोडून द्यायचे. खेचर राजमार्गाने गेले.

सोलापुरात श्रोत्यांमध्ये मुसलमान शेजारीही असतात, म्हणून ही गोष्ट सांगू नये, असे मला काही जणांनी सुचवले होते. मला ते पटत नाही. ही गोष्ट त्यांच्या शत्रूंनी रचलेली नसून म्हातारपणी त्यांनी स्वतः सांगितलेली आहे, आणि देवाची सेवा करण्याची मोठी इच्छा असूनही आपला आत्मा तेव्हा किती आंधळा होता, हे दाखवण्यासाठीच सांगितलेली आहे. त्यांच्याच हेतूने ती सांगितली, तर कोणाला लागत नाही. ती हसण्यावारी मात्र नेऊ नये. एका माणसाचा जीव जाता जाता राहिला होता.

मॉन्सेरात येथे त्यांनी तीन दिवस पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) केले, आपली तलवार आणि खंजीर मारियेच्या वेदीजवळ सोडले आणि 24 मार्च 1522 ची रात्र जागून काढली. अंगावरचे भरजरी कपडे त्यांनी एका भिकाऱ्याला दिले होते. ते चोरलेले असावेत अशा संशयाने लोकांनी त्या गरिबाला पकडले, हे कळताच त्यांना रडू आले. ही ओळ सांगून पुढे जावे.

मानरेसा

मानरेसा येथे ते थोडेच दिवस राहणार होते, राहिले जवळजवळ अकरा महिने. भिक्षा मागून खाणे, मांस आणि मद्य वर्ज्य, केस आणि नखे वाढू दिलेली. हे बाह्य वर्णन थोडक्यात संपवावे, कारण आपल्याकडे वैराग्याची अशी चित्रे सर्वांना ओळखीची आहेत आणि श्रोते तेथेच अडकून पडतात. खरी लढाई आतली होती. आपण सर्व पापे सांगितली की काही राहिली, या शंकेने त्यांना पोखरून काढले. पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही शंका जाईना, आणि जीव द्यावा असा विचारही वारंवार मनात येऊ लागला. त्यांनी आठवडाभर काहीच खाल्ले नाही. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना त्यांनी हे सांगितले, तेव्हा उपास सोडण्याची आज्ञा झाली आणि त्यांनी ती पाळली.

किशोरवयीन मुले समोर असतील, तर हा भाग लपवू नये, पण रंगवूही नये. एका साध्या वाक्यात सांगावे आणि लगेच पुढचे वाक्य जोडावे, की त्यांनी हे मनात न ठेवता दुसऱ्या माणसाला सांगितले. कार्यक्रमानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. कोणी मूल बोलायला आले तर त्याचे शांतपणे ऐकून घ्यावे, "असे विचार करू नये" असे म्हणून परतवू नये, आणि त्याच दिवशी घरच्यांना व समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना त्यात सामील करावे.

यानंतर कार्दोनेर नदीचा काठ येतो. वाटेत ते नदीकडे तोंड करून बसले होते, आणि काही दिसले असे नव्हे, पण पुष्कळ काही उमगले. इतके, की पुढे साठी ओलांडल्यावर त्यांनी सांगितले, आयुष्यभर मिळालेले सारे ज्ञान एकत्र केले तरी त्या एका वेळेइतके भरत नाही. देव तेव्हा आपल्याला शाळामास्तराने लहान मुलाला शिकवावे तसे शिकवत होता, असेही ते म्हणतात. चमत्काराच्या भाषेत या प्रसंगाला चढवू नये, कारण त्यांनी स्वतः तसे केलेले नाही.

येथे माझा सुरुवातीचा प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवावा. असे अनुभव पुष्कळ भक्तांना येतात. इग्नेशियस यांचे वेगळेपण असे, की त्यांनी स्वतःवर जे घडले ते टिपून ठेवले आणि दुसऱ्याला उपयोगी पडेल अशा क्रमाने लावले. त्या टिपणांचीच पुढे "आध्यात्मिक साधना" झाली, जी 1548 मध्ये छापली गेली. ती वाचून संपवायची पोथी नव्हे. चार "आठवडे" नावाच्या टप्प्यांतून, मार्गदर्शकाच्या मदतीने, करण्याची ती साधना आहे. पोहण्याचे पुस्तक वाचून पोहता येत नाही, तसेच तिचे आहे. येशूसंघाची खरी पायाभरणी मला पोपच्या आज्ञापत्राच्या आधी, या टिपणांत दिसते.

कात्री आणि चाकू

यरुशलेमचा भाग थोडक्यात आणि चित्रमय असावा. 1523 च्या सप्टेंबरात ते तेथे पोहोचले आणि आयुष्यभर तेथेच राहण्याचा त्यांचा निश्चय होता. पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन प्रमुखांनी त्यांना परत जाण्याची आज्ञा केली, कारण यात्रेकरू पकडले जात, मारले जात आणि त्यांना सोडवण्याचा भार फ्रान्सिस्कन संघावर पडे. निघण्यापूर्वी ते गुपचूप जैतुनाच्या डोंगरावर गेले, जेथे प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या वेळची पावले दगडावर उमटली आहेत अशी श्रद्धा आहे. आत जाण्यासाठी पहारेकऱ्यांना त्यांनी आपला लहान चाकू दिला. नंतर लक्षात आले, की उजवे पाऊल कोणत्या दिशेला आणि डावे कोणत्या दिशेला होते हे नीट पाहिलेच नाही. तेव्हा परत जाऊन त्यांनी कात्री दिली आणि पुन्हा आत शिरून पाहून घेतले. माझ्या अनुभवात, प्रौढ श्रोत्यांना हाच प्रसंग सर्वांत जास्त दिवस लक्षात राहतो, कारण विठ्ठलाची पावले पाहण्यासाठी रांगेत उभे राहिलेल्यांना त्या धडपडीचा अर्थ सांगावा लागत नाही.

तेहतिसाव्या वर्षी बाकावर

यरुशलेमचा मार्ग बंद झाल्यावर इतरांच्या आत्म्यांना मदत करायची असेल तर शिकले पाहिजे, असे त्यांनी ठरवले आणि बार्सेलोना येथे तेहतिसाव्या वर्षी लहान मुलांबरोबर लॅटिन शिकू लागले. येथे एक फार सूक्ष्म गोष्ट घडली. क्रियापदे पाठ करायला बसले की प्रार्थनेचे सुंदर विचार मनात गर्दी करत, इतके की पाठांतर होईना. मिस्सेच्या वेळी किंवा प्रार्थनेला बसल्यावर तसे विचार येत नाहीत, हे त्यांनी पाहिले आणि चांगले विचारही चुकीच्या वेळी येऊन माणसाला कामावरून हटवतात, असा निष्कर्ष काढला. त्यांनी सरळ शिक्षकांना सर्व सांगून शब्द दिला, की पुढील दोन वर्षे मी एकही तास चुकवणार नाही. रात्रशाळेत शिकून दहावी झालेले वडीलधारे समोर बसलेले असतात, त्यांच्याकडे पाहून हा प्रसंग सांगावा.

आल्काला येथे 42 दिवस आणि सालामान्का येथे 22 दिवस त्यांना धर्मचौकशीसाठी (शिकवण चर्चच्या मताविरुद्ध तर नाही ना, याच्या तपासणीसाठी) कैदेत राहावे लागले. शिकवणुकीत दोष सापडला नाही, पण अभ्यास पुरा होईपर्यंत काही विषयांवर बोलू नये असे बजावण्यात आले. 1528 मध्ये ते पॅरिसला आले. तेथील सेंट बार्ब महाविद्यालयात त्यांना खोलीत दोन सोबती मिळाले : सावोयच्या डोंगराळ भागात मेंढरे राखलेला पिएर फाव्र आणि नावारचा फ्रान्सिस झेवियर. झेवियरचे भाऊ 1521 च्या लढाईत विरुद्ध बाजूला होते, हे अवश्य सांगावे; ज्यांच्या बाजूच्या तोफेने पाय मोडला, त्यांच्याच घरचा मुलगा पुढे जिवाभावाचा झाला. 15 ऑगस्ट 1534 रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरील चॅपेलमध्ये सात जणांनी दारिद्र्याचे व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि यरुशलेमला जाण्याचा संकल्प केला. ते जमले नाही तर पोप पाठवतील तेथे जायचे ठरले. त्या वेळी त्यांच्यात धर्मगुरू एकटे फाव्र होते. व्हेनिसला पोहोचल्यावर तुर्कांशी सुरू झालेल्या युद्धामुळे जहाजच मिळेना, म्हणून ते रोमला गेले.

संघ कसा ठरला

सातवीतल्या त्या मुलीला हवे असलेले उत्तर या ठिकाणी द्यावे. 1539 च्या वसंतात सोबत्यांपुढे अडचण उभी राहिली, की पोप आता एकेकाला वेगवेगळ्या ठिकाणी पाठवणार. मग आपण पांगायचे, की एक शरीर होऊन राहायचे? आणि राहायचे तर आपल्यापैकी एकाची आज्ञा पाळायची का? पहिल्या प्रश्नाचा निर्णय लवकर झाला, दुसऱ्याला कित्येक आठवडे लागले. त्यांनी शोधलेली रीत अशी : दिवसभर आपापले काम आणि प्रार्थना करायची, एकमेकांवर दबाव आणायचा नाही, एके दिवशी प्रत्येकाने फक्त विरुद्धची कारणे सांगायची आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने फक्त बाजूची कारणे सांगायची. वेळ असेल तर तरुणांकडून हे प्रत्यक्ष करून घ्यावे. "आपल्या मंडळाला अध्यक्ष हवा का?" एवढा साधा प्रश्न घेऊन सर्वांना आधी विरुद्ध आणि मग बाजूने बोलायला लावले, तर स्वतःच्या मताविरुद्ध मनापासून कारणे शोधणे किती कठीण असते हे त्यांना कळते.

1541 च्या एप्रिलमध्ये सर्वांनी इग्नेशियस यांना प्रमुख निवडले. त्यांनी नकार दिला, पुन्हा मतदान झाले, पुन्हा तेच नाव आले, आणि अखेर आपले पापनिवेदन ऐकणाऱ्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या निर्णयापुढे त्यांनी मान तुकवली. "जनरल" हे पद सैन्यातले नव्हे, "सर्वांचे प्रमुख" एवढाच त्याचा अर्थ आहे, हे येथे स्पष्ट करावे. पोपविरुद्ध उभा राहिलेला जर्मन धर्मसुधारक लुथर याच्या विरोधात फौज उभारण्यासाठी येशूसंघ काढला, हेही सर्रास सांगितले जाते आणि ते चूक आहे. मोंमार्त्रवरील सात जणांचे डोळे यरुशलेमकडे लागले होते.

पुढची पंधरा वर्षे त्यांनी रोममध्ये मुख्यतः मेजापाशी घालवली. सुमारे सात हजार पत्रे आज उपलब्ध आहेत. रोमच्या रस्त्यांवर देह विकावा लागणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी संत मार्था यांच्या नावाने आश्रयगृह उभारले, 1548 मध्ये मेसिना येथे महाविद्यालय सुरू केले, संघाचे नियम लिहिले. ही वर्षे नीरस वाटू नयेत म्हणून मी एकच पत्र सांगते. 28 जून 1553 रोजी त्यांनी झेवियर यांना पूर्वेकडून परत येण्यास लिहिले. झेवियर त्याआधी जवळपास सात महिने, 3 डिसेंबर 1552 रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले होते आणि ही बातमी अजून रोमला पोहोचली नव्हती.

श्रोत्यांचे प्रश्न

गोव्यातील धर्मचौकशीविषयी (इन्क्विझिशन) प्रश्न येतोच, आणि तो टाळू नये. ती 1560 मध्ये, इग्नेशियस यांच्या मृत्यूनंतर सुरू झाली. मात्र 1546 मध्ये झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून ती मागितली होती, हेही तितक्याच स्वच्छपणे सांगावे. मराठीशी संबंध विचारला तर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाचे नाव घ्यावे, जे 1579 मध्ये गोव्यात आले आणि ज्यांचे ओवीबद्ध मराठी क्रिस्तपुराण 1616 मध्ये छापले गेले. ते इग्नेशियस यांच्यानंतर तेवीस वर्षांनी आले, हे विसरू नये. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्याशी तुलना करा असाही आग्रह येथे होतो. तळे खोदणारा, लोकांना कामाला लावणारा संत सोलापूरकरांच्या मनात आहेच, त्यामुळे हिशेब ठेवणारा आणि पत्रे लिहिणारा संत त्यांना परका वाटत नाही, एवढेच म्हणून थांबावे, साम्यांची यादी करू नये.

शेवट कोठे करावा

12 मार्च 1622 रोजी त्यांना संतपद मिळाले, तेही फ्रान्सिस झेवियर आणि आविलाच्या तेरेसा यांच्यासह. ही माहिती सुरुवातीलाच देऊन टाकावी. शेवट 30 जुलै 1556 च्या संध्याकाळवर करावा. त्या दिवशी इग्नेशियस यांनी आपले सचिव पोलान्को यांना बोलावून पोपचा आशीर्वाद आणायला सांगितले. पोलान्को यांना स्पेनला जाणारी पत्रे पुरी करायची होती आणि वैद्यांनाही धोका वाटत नव्हता, म्हणून उद्या गेलो तर चालेल का, असे त्यांनी विचारले. आज गेलात तर मला अधिक बरे वाटेल, पण तुम्हाला योग्य वाटेल तसे करा, असे इग्नेशियस म्हणाले. पहाटे पाहिले तेव्हा ते अखेरच्या घटका मोजत होते. पोलान्को धावत पोपकडे गेले आणि आशीर्वाद घेऊन परतले, तोवर प्राण गेला होता. तेव्हा संघात सुमारे एक हजार माणसे होती, आणि संस्थापकाला अंतिम साक्रामेंतही (मरणासन्न माणसाला दिला जाणारा धर्मविधी) मिळाले नव्हते.

एवढे सांगून खाली बसावे. तांबड्या-निळ्या शाईचा कागद तेथेच मेजावर ठेवावा; मुले तो जवळून पाहायला येतात, आणि राहिलेले प्रश्न तेव्हा विचारतात.